नकाशाबाहेरचे बिदर

मिलिंद,

हैदराबादेत, तारनाक्याच्या तुझ्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, ‘कांचनतळ’ मालिकेची पुस्तके ओळीने उभी आहेत. भाग नऊ, पुस्तके आठ. तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये पुस्तकाच्या मापाने कापलेली एक लाकडी फळी आहे आणि तिला तू स्वतः पिवळा कागद चढवला आहेस. दुरून पाहणाऱ्याला ओळ अखंड दिसते. जवळ येऊन जो कोणी ती फळी बाहेर ओढायचा, त्याला तू खुर्चीत बसवून चौथा भाग तोंडी सांगायचास. केवळ फळीला हात लावला म्हणून तुझ्याकडे जेवायला थांबावे लागलेली किती माणसे मला आठवतात.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेत जे बोलले ते चांगले बोलले. तुझी सचोटी, तुझी कचेरी, वस्तीतल्या मुलांसाठी तू घेतलेले वर्ग. मला वहिनींनी नजरेने खूण केली होती, पण मी उठलो नाही. मी मुळात हळू बोलणारा. शिवाय मला जे बोलायचे होते ते सभेत शोभण्यासारखे नव्हते. ते एका नावाड्याविषयी होते आणि बिदर या गावाविषयी.

हा मजकूर तुझ्यानंतर आणखी कोणी वाचील, म्हणून तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील. अशा वेळी तू म्हणायचास, "दिगू, डायरेक्ट मुद्द्यावर ये." येतो.

कांचनतळ हे सरोवराच्या तळाशी वसलेले नगर. तिथे उतरायची वाट एकच, लखू नावाड्याची नाव. सरोवराच्या मधोमध गेल्यावर लखू नाव उलटी करतो. उलट्या नावेखाली जी हवा अडकते तिच्यात डोकी घालून प्रवासी तळाशी जातात. नाव उलटी करण्याआधी तो विचारतो, "श्वास धरला?" आणि प्रवाशांनी म्हणायचे, "धरला. सोड नाव." पुस्तकातली ही एवढीशी देवघेव, पण आपला जन्म तिच्यावर गेला. फोनवर तू कधी ‘हॅलो’ म्हटल्याचे मला स्मरत नाही. आपला दोस्त युसुफ तर मलकपेठेतल्या त्याच्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंग धरलेले असतानाच, "धरला, सोड नाव" असे फोनवर म्हणायचा, आणि गिऱ्हाईक आता आपले काय होणार या काळजीने खुर्चीचे हात घट्ट धरायचे.

हे सारे जामबागेतल्या आपल्या शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर सुरू झाले. वाचनालयातून एका वेळी एकच भाग मिळे आणि तो आठवड्याने परत करावा लागे. म्हणून आपण नियम केला होता की पुस्तक कोणी एकट्याने घरी न्यायचे नाही. पायऱ्यांवर बसून, पाळीपाळीने, मोठ्याने वाचायचे. तू, मी आणि आपल्या वर्गातली शकू. शकूला राक्षसांचे आवाज उत्तम काढता येत. आज ती शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि ते आवाज तिला नोकरीत उपयोगी पडले असे ती म्हणते. माझे घर शाळेपासून इतके जवळ असताना आपण ऊन-वाऱ्यात पायऱ्यांवरच का बसत असू, हे मला पुष्कळ उशिरा उमगले; आमच्या घरचा उंबरा तुझ्यासाठी उघडा नव्हता. तुला ते तेव्हाच कळले असणार. तू त्याविषयी कधी बोलला नाहीस. तू म्हणायचास, पायऱ्यांवर वारा चांगला असतो.

युसुफ शेजारच्या उर्दू शाळेतला. तो एक दिवस मधल्या भिंतीवर बसून ऐकत होता. "क्या पढ़रे जी तुम लोगां?" त्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता अलीकडे उडी मारली. त्याला मराठी थोडी समजे, वाचता मुळीच येत नसे. म्हणून प्रत्येक प्रकरण संपले की तू ते त्याला दखनीत पुन्हा सांगायचास. मी आणि शकूही थांबून ऐकायचो. पुस्तकातला कालभुजंग नुसता फूत्कार टाकी, तुझा कालभुजंग आधी "क्या मियाँ, कैसे आना हुआ?" असे विचारी आणि मग फूत्कार टाकी. मला आजही दुसराच अधिक भयंकर वाटतो.

मग तिसरा भाग आला आणि त्याच्या पाठोपाठ एकदम पाचवा. चौथा हैदराबादपर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्याच्या शेवटी वादळ आहे, लखूची नाव कलली आहे, राजकन्या रत्नशिखा आणि तिचे सोबती नावेत आहेत. पाचव्याच्या आरंभी रत्नशिखा कांचनतळाच्या सिंहासनावर आहे आणि लखूचे नावही नाही. मध्ये काय झाले असेल याची आपण तर्कशुद्ध चर्चा केली, म्हणजे मी केली आणि तुम्ही ऐकली. युसुफ मात्र रोज एकच विचारायचा. "लखू का क्या हुआ?"

त्याच वर्षी, परीक्षेच्या सुमारास, युसुफचे अब्बा वारले. ते ट्रक चालवायचे. एका फेरीहून परत आले नाहीत. उन्हाळ्यात तू आत्याकडे बिदरला गेलास. शाळा उघडली तेव्हा युसुफ येऊन पायऱ्यांवर बसला, पण त्याने लखूविषयी विचारले नाही. काहीच विचारले नाही.

"चौथा भाग वाचला मी," तू म्हणालास. "आत्याच्या शेजारी एकजण राहतात, त्यांच्याकडं होता. घरी नेऊ देईनात, तिथंच बसून वाचला."

"खोटं," शकू म्हणाली.

"खोटं तर खोटं. ऊठ मग. जा घरी."

शकू उठली नाही. तू सांगू लागलास. त्या दिवशी तू मराठीतून सांगून मग दखनीत आला नाहीस. सरळ दखनीतच सांगितलेस, युसुफकडे तोंड करून. नावेचे सांधे उकलले, पाणी आत आले, कालभुजंगाने शेपटी आपटली. तू वादळ पुष्कळ लांबवलेस. शेवटी युसुफनेच तोंड उघडले.

"मर गया क्या लखू?"

"कैकू मरेगा?" तू म्हणालास. "नाव फूटी. बाकी लोगां नीचे पहुँच गए. लखू तैर को किनारे लग गया. नाव नै तो काम नै. बहन के घर चले गया."

"किधर?"

तू क्षणभर थांबलास. "बिदर."

मी म्हणालो, "कांचनतळात बिदर नाही."

"बहीण कुठंही असू शकते, दिगू."

युसुफने विचारले, "खाना-वाना बराबर मिलता ना उसको उधर?"

"ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. बहीण पुन्हा पुन्हा वाढते. नको म्हटलं तर रागावते."

युसुफ हसला. मी हसलो नाही, कारण मी कांचनतळाचा नकाशा काढत होतो आणि त्यात बिदर बसत नव्हते.

तो नकाशा पुढे आपल्या चौघांचा खेळ झाला. मी पुस्तकातल्या प्रत्येक वाक्यावरून अंतरे काढायचो. सूर्योदयाला निघून दुपारी जिथे पोचतात ते ठिकाण इतक्या कोसांवर, वगैरे. नकाशा पुरा होत आला की तू पेन्सिल घ्यायचास, चौकटीच्या बाहेर कोऱ्या समासात एक तुटक रेघ ओढायचास आणि तिच्या टोकाला लिहायचास ‘बिदर’. मी रबराने पुसायचो. तू पुन्हा लिहायचास. त्या निमित्ताने आपण जसे भांडलो तसे नंतर मी कोणाशी भांडलो नाही, आणि माझा स्वभाव पाहता ते भांडण माझ्या आयुष्यातली मोठी चैन होती. मी म्हणायचो, लेखकाने जे लिहिले नाही ते नाही. तू म्हणायचास, लेखकाला सगळं कुठं माहीत असतं. समासातला कागद शेवटी इतका झिजला की पलीकडचे दिसू लागले.

पुढे मी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो, म्हणजे जे फुकट करत होतो त्याचा पगार मिळू लागला. कामानिमित्त एकदा औरंगाबादला गेलो असता तिथल्या कचेरीत एका वयस्क गृहस्थांच्या मेजावर सातवा भाग दिसला. मला राहवले नाही. चहा झाला, गोष्टी निघाल्या आणि बोलण्याच्या भरात मी, ज्याने आयुष्यभर बिदरला विरोध केला तो मी, म्हणून गेलो की लखू चौथ्या भागात बिदरला जातो.

"कुठं जातो?"

"बिदरला. बहिणीकडे."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिले. "तुम्ही हैदराबादचे का?" त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून चौथा भाग आणला आणि माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा," ते म्हणाले. "आमच्यापेक्षा तुम्हाला गरज जास्त दिसते."

परतीच्या गाडीत मी तो वाचला. तू खरोखरच वाचला होतास, मिलिंद. प्रकरणामागून प्रकरण, सगळे तू सांगितलेस तसेच. फक्त वादळ वेगळे होते. छापलेल्या पुस्तकात नावेखालची हवा सगळ्यांना पुरत नाही. लखू ते ओळखतो. तो इतरांना "श्वास धरला?" असे विचारतो, ते "धरला" म्हणतात, आणि तो नावेखालून आपले डोके काढून घेतो. मग त्याचा उल्लेख येत नाही. लिहिले फार चांगले आहे. मी पुस्तक मिटले आणि मला पायऱ्यांवर बसलेला, काहीच न विचारणारा युसुफ आठवला. बिदर कुठून आले असेल याचे गणित मला तिथे, त्या गाडीत, सुटले.

तू मला घ्यायला स्टेशनवर आला होतास. "श्वास धरला?" तू लांबूनच विचारलेस. "धरला," मी म्हणालो. पुस्तक माझ्या पिशवीत होते आणि ते मी काढले नाही.

थोड्याच दिवसांत तुझे लग्न होते. मी तुझ्यासाठी कांचनतळाचा पक्का नकाशा केला, ट्रेसिंग कागदावर, काळ्या शाईत. आमच्या ऑफिसात एक समजूत होती की पेन्सिलीत असते ते मत आणि शाईत असते ते मान्य. मी चौकट दक्षिणेकडे थोडी वाढवली, आत गावाची खूण काढली आणि तिच्याशेजारी सुबक अक्षरात लिहिले, बिदर. तू तो नकाशा बराच वेळ पाहिलास. मग म्हणालास, "छान आहे." एवढेच. तू त्याला काच लावलीस आणि तो कपाटाशेजारी टांगलास. मला वाटले मी औदार्य दाखवले. तुझे गुपित राखले, तुला मान दिला, आणि तेही तुला न कळू देता. त्या दिवसानंतर मी बिदरवर एकदाही वाद घातला नाही. तू पाहुण्यांना चौथा भाग सांगताना त्या गावापाशी आलास की थांबून माझ्याकडे पाहायचास. मी स्मित करायचो. तू पुढे सांगू लागायचास.

आपल्या राज्याची दोन राज्ये झाली, त्या वाटणीच्या वर्षांत तुझे विनोद वाढले होते. तुझ्या कचेरीत कपाटांवर, मेजांवर, भिंतीवरच्या घड्याळांवरसुद्धा चिठ्ठ्या लागल्या होत्या, कोणते कोणत्या राज्याचे ते सांगणाऱ्या. रविवारी आपण चौघे तुझ्याकडे जमलो की तू त्याच्या हकिगती सांगायचास. एका खोलीत पंखा एकच आणि दावेदार दोन, तेव्हा तू पाती वाटून घ्या असे सुचवले होतेस म्हणे.

"आपले बाप मागच्या, भाषावार वाटणीत इथं उरले," तू एकदा म्हणालास. "गाव तिकडच्या राज्यात गेलं, नोकरी इकडं राहिली. आता ही वाटणी. शकू, दर वाटणीत आपण फर्निचरच बघ. जिथं ठेवलं तिथं."

"मग कांचनतळाची वाटणी कशी करायची?" शकूने विचारले.

"नगर तुमच्याकडं, तलाव हमारेकू," युसुफ म्हणाला. "पानी बंद कर देतौं मैं."

"आणि बिदर?" तू विचारलेस. माझ्याकडे पाहून विचारलेस.

मी म्हणालो, "बिदरचा प्रश्न तर केव्हाच मिटला."

तू चहाचा कप उचललास. "हौ," तू म्हणालास. "मिटला खरा."

तुझ्या शेवटच्या आजारात दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक तेलुगू गृहस्थ होते, पाय प्लास्टरमध्ये. मी भेटायला आलो तेव्हा तू त्यांना तेलुगूतून चौथा भाग सांगत होतास. श्वास पुरत नव्हता तरी वादळ आखडते घेतले नाहीस. नावाड्याचे काय झाले असे त्यांनी विचारले. "अक्क दग्गरिकि वेळ्ळाडु," तू म्हणालास, बहिणीकडे गेला. "बीदरकु." आणि माझ्याकडे वळून पाहिलेस. तू नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलेस, मिलिंद. मी तुझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली, जशी आजारी माणसापुढे हलवतात. तू पुन्हा त्या गृहस्थांकडे वळलास.

आता तू गेल्यानंतरचे सांगतो. ते तुला माहीत नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर तुझ्या प्रज्ञाने मला बाजूला घेतले. "दिगूकाका, मला बाबांच्या नावानं सेट पूर्ण करायचाय. ऑनलाइन बघितलं, कुठंच नै. तुम्ही चौथा शोधून द्या ना. माझं मराठी रीडिंग स्लो आहे, पण मी वाचते. एवढा तरी वाचते."

मी बरे म्हणालो. तो भाग माझ्या पोलादी कपाटात, कोटाच्या मागे, इतकी वर्षे होता. द्यायला हात लांब करायचा होता फक्त. आणि तो होईना. तुझी मुलगी लखूच्या मांडीवर वाढली आहे. तू तिला निजवताना लखूला रोज भाकरी खायला घातलीस. आता तुला जाऊन महिना होत नाही तोच ती तुझ्या नावाने ते पुस्तक उघडणार, अक्षर अक्षर लावत वाचणार, आणि नावेखालून डोके काढून घेणारा माणूस तिला भेटणार. उलट, जे छापले आहे ते लपवावे, हेही माझ्याच्याने होईना. लेखकाने लिहिले ते लिहिले असे मीच जन्मभर म्हणत आलो. मी शकूला फोन केला.

"शोधू नकोस," ती लगेच म्हणाली.

"का?"

"मिळणार नाही म्हणून."

"शकू, तुला कसे माहीत मिळणार नाही ते?"

"दिगू," ती मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, "तुला कसं माहीत मिळेल ते?"

एवढ्यातच दोघांचेही सगळे उघड झाले. तिला तो भाग सासरी नागपूरला, एका पेटीत, लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सापडला होता. प्रज्ञाने त्यालाही भाग शोधायला सांगितले असेल या भीतीने आम्ही दोघे मलकपेठला युसुफकडे गेलो. निदान युसुफला यातले काही कळता कामा नये, असे आम्ही रिक्षात ठरवले होते. युसुफने आमच्या तोंडांकडे पाहिले, गल्ल्याखालचा खण उघडला आणि पिवळ्या वेष्टनाचे एक पुस्तक काउंटरवर ठेवले.

"रद्दी में मिला था," तो म्हणाला. "फोटो देख को पैचान लिया. नाव उलटी."

"पण तुला वाचता कुठे येते?"

"बाजू की दुकान में लातूर का टेलर है. उससे पढ़ा लिया. आधे में आ को वो रोने लग गया, सूट का नाप गलत ले लिया किसी का."

"मिलिंदला बोललास?"

"कैकू बोलूँगा मियाँ? उसने मेरे वास्ते बदला था. मेरे अब्बा के वास्ते."

रविवारी आम्ही तिघे तुझ्या घरी गेलो, प्रत्येकाच्या पिशवीत एकेक चौथा भाग. द्यायचा की नाही हे ठरले नव्हते. प्रज्ञाने चहा आणला. वहिनींनी आमच्या मांडीवरच्या पिशव्यांकडे पाहिले.

"काढा बाहेर," त्या म्हणाल्या. "यांना माहीत होतं, भाऊजी."

मी विचारले, "काय माहीत होते?"

"तुम्हाला पुस्तक सापडलं ते. लग्नात तुम्ही हा नकाशा दिला ना, तो बघून त्याच दिवशी मला म्हणाले, कुसुम, दिगूनं बिदर शाईनं लिहिलं. त्याला चौथा भाग मिळाला." त्या हसल्या, पण डोळ्यांना पदर लावला. "खट्टू झाले होते जरा. म्हणाले, आता हा भांडायचा नाही. पुढं दर वेळी सांगताना वाट बघायचे, आज तरी तुम्ही भांडाल म्हणून."

मिलिंद, मी इतकी वर्षे समजत होतो की मी तुला काही दिले. मी तुझ्याकडून काढून घेतले होते. दवाखान्यात तू माझ्याकडे इतका वेळ का पाहिलेस ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळले. तुला माझा हात नको होता. तुला हरकत हवी होती.

प्रज्ञा दाराशी उभी राहून सगळे ऐकत होती. "लखू मरतो का त्यात?" तिने विचारले.

मी म्हणालो, "हो."

"आणि बाबांना माहीत होतं?"

"हौ बेटी," युसुफ म्हणाला, आणि मग त्याने तिला पायऱ्यांची, आपल्या अब्बांची आणि भाकरीची गोष्ट सांगितली. दखनीत सांगितली, तुझ्यासारखी. शकूने कालभुजंगाचा आवाज काढून दिला. प्रज्ञा रडली, आणि कालभुजंगाने "क्या मियाँ" म्हटल्यावर रडता रडता हसली. मग तिने शकूच्या हातातला भाग घेतला, उघडला, पहिली ओळ बोट ठेवून वाचली आणि कपाटापाशी गेली. मला वाटले ती फळी काढील. तिने पुस्तक नवव्याच्या पलीकडे, ओळीच्या टोकाला ठेवले.

"तिथे नाही," मी म्हणालो. "तो चौथा आहे."

"चौथा इथं आहे ना, काका," ती म्हणाली आणि तुझी फळी बोटाने जराशी आत ढकलून नीट केली. "हा दहावा. वाचते मी. सावकाश."

मग मी उठलो. भिंतीवरचा नकाशा उतरवला, मागचे खिळे काढले आणि ट्रेसिंग मेजावर पसरले. त्यावरची शाई रबराने जात नाही; पात्याने, कागद न फाडता, हलकेच खरवडावी लागते. मी पाते मागितले. वहिनींनी आतून दाढीचे आणून दिले, तुझेच. मी ‘बिदर’ खरवडले. आधी शेवटचे अक्षर, मग मधले, मग पहिले, मग गावाची खूण. काम नीट झाले. प्रकाशात धरले तरच तिथे काही होते असे कळते.

युसुफने नाकावरचा चष्मा सारखा केला. "अब क्या?"

मी प्रज्ञाकडे पाहिले, थोडा जास्त वेळ, जसा तू पाहायचास.

तिने टेबलावरची पेन्सिल उचलली. चौकटीच्या बाहेर, कोऱ्या समासात, एक तुटक रेघ ओढली, बरीच लांब, आणि तिच्या टोकाला गावाचे नाव लिहिले. शाळेत शिकली त्या तेलुगू अक्षरांत लिहिले, गोल, एकमेकांना चिकटलेल्या.

"कांचनतळात बिदर नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, हे शकूने मागाहून सांगितले.

"काका," तुझी मुलगी म्हणाली, "बहीण कुठंही असू शकते."